तळ्यावरचे संसार बघायचे तर पावसाळ्यात

डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी पहाटे भिगवणच्या रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजाव्यात, म्हणजे पुण्यात पक्षी बघणारे किती वाढलेत ते कळतं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे, पट्टकादंब हे रानहंस बघायचे, होडीतून एक फेरी मारायची आणि दुपारी मासळीचं जेवण. मजा असते, मीही जातो. पण या पाहुण्यांचा संसार आपल्याला कधी दिसत नाही. पट्टकादंब अंडी घालतो ती लडाख-तिबेटच्या पठारांवर आणि मंगोलियात. इथे तो खायला आणि थंडी काढायला येतो. लग्नघरी भेटलेल्या पाहुण्याकडे बघून त्याच्या घरी भांडी कोण घासतं ते कसं कळणार?

घरं बघायची असतील तर जूननंतर जायचं. चिखल असतो, डास असतात, दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते आणि काठावर दुसरं कुणी नसतं. माझं तळं म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला एक पाझर तलाव. एका अंगाला बेशरमाची झुडपं, दुसऱ्या अंगाला पाणकणीस, मधे कमळांची चकती. कुठल्याही यादीत त्याचं नाव नाही. तरी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तिथे निदान सहा-सात तऱ्हांचे संसार चालू असतात, आणि त्यातले दोन एकसारखे नसतात.

असं का, हे समजून घ्यायचं तर आईबापांना जरा बाजूला ठेवावं आणि पिल्लाकडे बघावं. चिमणीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा उघडंवाघडं, डोळे मिटलेलं, स्वतःची मानही न पेलणारं असतं. कोंबडीचं पिल्लू निघतं, अंग सुकतं आणि त्याच दिवशी ते आईच्या मागे पळायला लागतं. फरक अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीचा. पळणाऱ्या पिल्लाच्या अंड्यात बलक जास्त असतो, आणि असं अंडं सहसा जास्त दिवस उबवावं लागतं. म्हणजे खर्च दोघींनाही आहे. कोंबडी तो आधी करून मोकळी होते, चिमणी नंतर हप्त्याहप्त्याने फेडत बसते. पाणपक्ष्यांत या दोन्ही तऱ्हा आहेत, आणि मधल्याही. पिल्लाला बाहेर आल्यावर किती लागतं यावर घरात किती हात हवेत हे बरंचसं ठरतं. तळ्यावर बसून मी जे काही बघतो ते याच हिशेबाने बघतो.

चिमणीच्या बाजूचा ठळक नमुना म्हणजे चित्रबलाक, आपला रंगीत करकोचा. इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर त्यांची वसाहत आहे. एकेका झाडावर अनेक घरटी, खाली माशांचा आणि विष्ठेचा वास. पिल्लांना काहीच करता येत नाही. दोघांपैकी एक घरट्यात थांबतो आणि दुसरा मासे आणायला जातो. आल्यावर तो चोचीत भरवत बसत नाही, घशातले मासे घरट्याच्या तळाशी ओकतो आणि पिल्लं ते उचलून खातात. दुपारच्या उन्हात थांबलेला पक्षी पंख अर्धवट पसरून पिल्लांवर सावली धरून उभा असतो. दोघांतल्या एकाने अंग काढून घेतलं तर हे घर चालत नाही, म्हणून इथे जोडी टिकते. एवढं दिसलं की पुढचं सगळं तेच तेच असतं. खरं सांगायचं तर करकोच्यांच्या वसाहतीत मला तासाभराने कंटाळा येतो. गंमत आहे ती मधल्या तऱ्हेत.

टिबुकली घ्या. वीतभर लांबीचा, शेपूट जवळजवळ नसलेला तपकिरी पक्षी. डुंबला की कुठे निघेल सांगता येत नाही, आणि निघाला की खिंकाळल्यासारखा हसतो. लहान मुलं तिला बदकाचं पिल्लू समजतात. पण बदकाशी तिचा संबंध नाही. बोटांना पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगळी झालर आहे, आणि पाय इतके मागे आहेत की जमिनीवर तिला धड चालता येत नाही. म्हणून घरटंही पाण्यावरच. पाणकणसाच्या कुजक्या पात्यांचा नि शेवाळाचा एक ओला ढीग, जवळच्या काड्यांना अडकवलेला. पहिल्या वर्षी मी त्या ढिगाकडे रोज बघत होतो आणि तो वाऱ्याने जमा झालेला कचरा आहे असं धरून चाललो होतो.

मग एका जुलैच्या सकाळी ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे एक काका वल्हवत त्या बाजूला आले. 'कचऱ्या'वर बसलेली टिबुकली उठली. पळाली मात्र नाही. चोचीने डावीकडचं शेवाळ उचलून मधे टाकलं, उजवीकडचं टाकलं, पुन्हा डावीकडचं. चार-पाच झटक्यांत अंडी दिसेनाशी झाली. मग ती कडेवरून पाण्यात अशी सरकली की तरंगसुद्धा उठला नाही, आणि पंधरा-वीस पावलांवर फक्त डोकं वर काढून बघत राहिली. काका निघून गेले, ती परत आली, पांघरूण बाजूला केलं आणि बसली. या सगळ्याला चार मिनिटंही लागली नसतील.

या ओल्या पांघरुणाची एक खूण अंड्यांवर राहते. टिबुकलीचं अंडं घातलं तेव्हा पांढरं असतं. रोज कुजक्या शेवाळाखाली राहून ते चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं तपकिरी होत जातं. दुर्बिणीतून एक पांढरं आणि तीन तपकिरी अंडी दिसली, तर पांढरं सगळ्यात नवं असं समजायचं. घरट्याजवळ न जाता एवढं कळतं.

अंडी उबवणं सुमारे तीन आठवडे चालतं आणि दोघं आळीपाळीने बसतात. बैठक सगळी अंडी घालून होण्याआधीच सुरू होते, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी न निघता मागेपुढे निघतात. इथे मधली तऱ्हा म्हणजे काय ते दिसतं. डोक्यावर पट्टे असलेलं हे पिल्लू पोहू शकतं, पण खाणं स्वतः पकडू शकत नाही आणि पाण्यात फार वेळ राहिलं तर गारठतं. मग ते आईच्या नाहीतर बापाच्या पाठीवर चढतं आणि पंखाखालच्या पिसांत शिरतं. बाहेर फक्त मान. एकजण होडी झालेला असतो, दुसरा बुडी मारमारून पाणकिडे, बेडकाची पिल्लं, बारीक मासे आणून त्या मानेपुढे धरत असतो. थोड्या वेळाने पाळी बदलते. पाठीवरचा पक्षी अंग हलवतो, पिल्लं घसरून पाण्यात पडतात, चिवचिवत दुसऱ्याकडे जातात. कधी घाबरून होडीनेच बुडी मारली तर पिल्लं बुचासारखी उसळून वर येतात.

भरवण्यात आणखी एक विचित्र प्रकार दिसतो. टिबुकलीच्या कुळातले पक्षी स्वतःची पिसं गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात. पोटात त्या पिसांचा लगदा होतो. माशांचे काटे आतड्याला टोचू नयेत म्हणून हे अस्तर असावं, असा एक अंदाज आहे.

आता वारकरी. काळाभोर पक्षी, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. नाव ठेवणाऱ्याने बरोब्बर ठेवलंय. थंडीत उत्तरेकडून यांच्या मोठ्या झुंडी येतात, पण काही आपल्याकडेच राहून वीणही करतात. मात्र नावावरून स्वभाव ठरवू नका. पाणपक्ष्यांत इतका भांडखोर प्राणी शोधून सापडायचा नाही. हद्दीवरून दोन वारकऱ्यांची जुंपली की ते पाण्यावर मागे रेलून एकमेकांना लाथा मारतात.

वारकऱ्याचं पिल्लू आईबापासारखं मुळीच दिसत नाही. डोकं टकलं आणि लालभडक, गळ्याभोवती नारिंगी पिसांची झालर, जणू गुलालात बुडवून काढलंय. तळ्यावर लपून राहायचं त्या वयात हा भडकपणा कशाला? कॅनडात या वारकऱ्याच्या अमेरिकी चुलतभावावर ब्रूस लायन या पक्षी-अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम १९९४ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं. त्यांनी घरट्यातल्या निम्म्या पिल्लांच्या पिसांची नारिंगी टोकं कात्रीने कापली. पिल्लं काळी झाली. ज्या घरात काळी आणि नारिंगी दोन्ही होती तिथे आईबापांनी नारिंगी पिल्लांना जास्त भरवलं, आणि तीच जास्त जगली. पण ज्या घरात सगळीच्या सगळी काळी केली होती तिथे पिल्लांचं काही बिघडलं नाही. म्हणजे काळं पिल्लू आईबापांना परकं वाटत नव्हतं. तुलना करायला शेजारी भडक पिल्लू असलं तरच काळं मागे पडत होतं.

गोष्ट इथे संपत नाही. वारकरी अंडी भरपूर घालतो आणि खायला घालायची ऐपत त्या मानाने कमी असते. टिबुकलीसारखीच इथेही पिल्लं मागेपुढे निघतात. पहिले काही दिवस थोरली धाकट्यांना ढकलून सगळं खातात आणि बरीच धाकटी उपाशी मरतात. मग आईबाप हातात छडी घेतात. थोरलं पिल्लू खायला मागायला आलं की त्याला मानेला धरून गदागदा हलवतात. बघताना अंगावर काटा येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा पक्षी पिल्लाला मारूनच टाकणार. दोन-चारदा असं झालं की थोरलं स्वतःचं खाणं स्वतः शोधायला लागतं आणि घास धाकट्यांकडे वळतो. २०२० साली लायन आणि दाई शिझुका यांनी दाखवलं की उशिरा निघालेली पिल्लंच जास्त भडक असतात. आईबाप आता भडक पिल्लू निवडतात, आणि भडक म्हणजे बहुधा धाकटं. जन्माच्या क्रमाने मागे पडलेल्याला रंगाने पुढे ओढायची ही युक्ती आहे. अमेरिकी वारकऱ्याचे हे सगळे बारकावे आपल्या वारकऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत, पण पिल्लांना असं गदागदा हलवणं आपल्याही वारकऱ्यात आहे, आणि पुढे आईने काही, बापाने काही अशी पिल्लं वाटून घेणंही.

पोरं वाटून घेतलेली ओळखायची कशी? अर्धा तास एकाच पिल्लावर नजर ठेवायची आणि ते कोणत्या मोठ्या पक्ष्याकडे घास मागायला जातं ते कागदावर खुणा करून मोजायचं. डोळ्यांवर विसंबून राहिलं तर आपण आपल्याला हवी ती गोष्ट रचतो. माझ्या वहीत 'आई' आणि 'बाप' असे शब्दच नसतात, 'अ' आणि 'ब' असतात. वारकऱ्यात नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात. आपण भरवणाऱ्याला आई आणि मारणाऱ्याला बाप ठरवून मोकळे होतो.

ही सवय कमळपक्ष्याने मला लावली. वर्षभर मी ज्याला आई समजत होतो तो बाप होता.

लांब शेपटीचा कमळपक्षी पावसाळ्यात इतका देखणा असतो की काही जण त्याला जलमयूर म्हणतात. चॉकलेटी अंग, पांढरे पंख, मानेवर मागे सोनेरी पट्टा, कोयत्यासारखी वाकलेली लांब शेपटी. पायाची बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांब, त्यामुळे वजन पसरतं आणि तो कमळाच्या पानांवरून चालतो. अंडी बहुधा चार. चकचकीत, पितळी-तपकिरी, पॉलिश केल्यासारखी, आणि घरटं म्हणजे पानावर चार ओल्या काड्या. त्यांवर बसतो तो नर. जवळजवळ चार आठवडे एकटाच बसतो. पाणी चढलं किंवा कुणी त्रास दिला तर अंडी चोच आणि छातीच्या मधे धरून, नाहीतर ढकलत ढकलत दुसऱ्या पानावर नेतो. पिल्लं निघाली की त्यांना सांभाळतोही तोच.

मादी कुठे असते? ती अंडी घालून पुढच्या नराकडे गेलेली असते. ती नरापेक्षा अंगाने मोठी. तिच्या ताब्यात तळ्याचा मोठा पट्टा असतो, त्यात दोन-तीन किंवा जास्त नरांचे छोटे छोटे पट्टे असतात, आणि ती प्रत्येकाला एकेक वेत, म्हणजे एका वेळची अंडी, देते. दुसरी मादी आली तर तिला हाकलायला हीच धावते. तळ्यावर दोन कमळपक्षी जिवाच्या आकांताने भांडताना दिसले तर ते नरच असणार असं समजू नका.

यावर लोकांची प्रतिक्रिया ठरलेली आहे. बायका हसतात, पुरुष 'बिचारा' म्हणतात. दोन्ही बाजूला ठेवून शिदोरीचा हिशेब लावू. कमळपक्ष्याचं पिल्लू पायावर उभं राहूनच बाहेर येतं. पानावरचे किडे स्वतः टिपतं, भरवावं लागत नाही. त्याला फक्त राखण आणि ऊब हवी, आणि ती एक पक्षी देऊ शकतो. दुसरीकडे पाण्यावरच्या उघड्या अंड्यांचा नाश भयंकर होतो. पाऊस, धामण, कावळे, म्हशी. अशा ठिकाणी जी मादी झटपट दुसरा वेत घालू शकते तिची पिल्लं जास्त जगणार. बसून राहणाऱ्या नराचाही यात फायदा असतो, कारण त्याचा वेत बुडाला तर नवा घालून द्यायला मादी जवळच असते. आता 'दोन्ही आईबाप हवेत' असं ज्या घरात नसतं तिथे मादीच का मोकळी होते, नर का नाही, हा प्रश्न उरतो. बदकांत अनेकदा नर निघून जातो. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, आणि मला त्यातलं एकही उत्तर पूर्ण पटलेलं नाही.

याचाच भाऊबंद, कांस्यपंखी कमळपक्षी, आणखी एक दृश्य दाखवतो. धोका दिसला की नर बसल्यासारखा वाकतो, पिल्लं त्याच्या पंखांखाली शिरतात, आणि तो पंख आवळून उठतो. मग चालताना त्याच्या दोन्ही बगलांतून पिल्लांचे लांब पाय लोंबत असतात. दुर्बिणीतून आठ-दहा पायांचा पक्षी दिसतो. याच जातीवर भारतात झालेल्या एका अभ्यासातून १९९९ साली मांडलं गेलं की एकाच मादीच्या वाटेकरी नरांत तिचं लक्ष वेधण्याची चढाओढ असते, आणि त्यासाठी ते मोठमोठ्याने ओरडतात. पावसाळी तळ्यावरच्या त्या कर्कश आवाजाचा अर्थ हा आहे. पनामात या कुळातल्या दुसऱ्या जातीत असंही दिसलंय की नवी मादी पट्टा जिंकते तेव्हा जुन्या मादीची पिल्लं मारते. नर मोकळा झाला की या नव्या मादीच्या अंड्यांवर बसतो.

टिटवीबद्दल लिहायला मला जड जातं. ती पाण्यात शिरत नाही, काठावर राहते. अंडी चार, खड्यांच्या उथळ खळग्यात, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. मधे चार लेंड्या पडल्या असतील तर त्यांच्यात आणि अंड्यांत फरक करता येत नाही. गावात म्हणतात, टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त. रात्री ओरडली की अपशकुन. ती ओरडते ते कुत्रं, मुंगूस नाहीतर आपण तिच्या अंड्यांकडे चाललोय म्हणून. उन्हाळ्यात ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. तापलेल्या मुरमात अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवणं अवघड असतं. नर-मादी दोघंही हे करतात.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी ते भिजणं मोबाइलवर घ्यावं म्हणून अंड्यांपासून दहा पावलांवर गेलो. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या. पाच मिनिटांत परत आलो. विजेच्या खांबावर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता, कडेला टरफलाचा एक तुकडा. कावळाच होता याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण माणूस कशापाशी थांबतो हे कावळे बघतात, आणि आपण घरट्याकडे बोट दाखवतो. तेव्हापासून मी बांधावरच्या एकाच बाभळीखाली बसतो, पक्षी मान वर करून माझ्याकडे बघायला लागला तर आणखी मागे सरतो, आणि मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवणाऱ्याशी भांडतो. शेकाट्या, हा काठावरचा लांब पायांचा पक्षी, पंख मोडल्याचं सोंग करून पुढ्यात लंगडत निघाला तर आपण त्याच्या घराच्या फार जवळ आलोय एवढंच समजायचं आणि आल्या पावली वळायचं.

बाकीच्यांचं थोडक्यात. हळदीकुंकू बदकाची पिल्लं आईमागे रांगेने जातात. अंड्यातून निघाल्यावर सुरुवातीला जी हलती वस्तू दिसते तिचा माग धरायची ही ओढ प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर अभ्यासली, १९७३च्या नोबेलच्या मानकऱ्यांत ते होते. रांगेतली पिल्लं रोज मोजून ठेवा. नऊची सात, सातची चार होताना दिसतील. अडई या बदकात मात्र नर-मादी दोघंही उबवतात आणि दोघंही पिल्लांबरोबर असतात, म्हणजे 'बदकात नर पळतो' हाही सरसकट नियम नाही. सारस बघायला गोंदिया-भंडाऱ्याकडे जावं लागतं. धानाच्या बांधीत घरटं, अंडी बहुधा दोन, आणि मोठं झालेलं पिल्लू पुढच्या विणीपर्यंत आईबापांबरोबर हिंडतं. दोन उंच आणि एक किंचित बुटका तपकिरी, असे तिघं दिसले की ते एक घर.

सप्टेंबर सरताना तळ्यावर मोडामोड सुरू होते. टिबुकली कालपर्यंत पाठीवर घेतलेल्या पिल्लाला चोच मारून लांब पिटाळते. वारकऱ्यांची धाकटी आता करडी झाली आहेत, लाल रंगाचा मागमूस नाही. कमळपक्ष्याची लांब शेपटी गळते आणि तो इतका साधा होतो की नवखा माणूस दुसराच पक्षी म्हणून लिहून ठेवतो. माझ्या वहीत यंदाची शेवटची नोंद आहे: टिबुकली, दोन वेत, पाच पिल्लं उडण्याजोगी.

परवा एका मित्राचा फोन आला. भिगवणचा बेत ठरतोय, म्हणाला, तुझ्या तळ्यावर काही आलंय का?

म्हटलं, नाही, अजून काही आलेलं नाही.